जौनच्या टेकडीवरची बाईसाहेब

चांदीचा हात असलेल्या एका फ्रेंच माणसाच्या मी मागावर होतो.

माझे आजोळ ग्वाल्हेरचे, लष्करातले. मे महिन्याच्या सुट्टीत बेळगावहून गाड्या बदलत बदलत तिथे पोचलो की रात्री गच्चीवर आजोबा शिंद्यांच्या पलटणींच्या गोष्टी सांगत. डी बॉयन, पेरॉन ही नावे आम्हा मुलांना घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांसारखी ओळखीची झाली होती. पुढे मी इतिहासाचा मास्तर झालो. पण परीक्षा, पेपर आणि वेळापत्रके यांत आयुष्य गेले. निवृत्तीनंतर मनाशी ठरवले की महादजींच्या पदरी डी बॉयनच्या आधी जे जे युरोपियन होते त्यांची एक यादी करावी. त्या यादीत लुस्तोनो नावाचा एक फ्रेंच सापडला. बेआर्न प्रांतातला हा माणूस. सँ लूबँ हा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणिसांशी बोलणी करीत होता, त्या 1777 च्या सुमारास तो पुण्याला पोचला आणि महादजींच्या फौजेत शिरला. इंग्रजांशी झालेल्या लढायांत लढला. एका लढाईत त्याचा डावा हात गेला, तेव्हा त्याने त्या जागी चांदीचा हात बसवून घेतला. मोठी दौलत घेऊन तो मायदेशी परतला आणि राज्यक्रांतीच्या धुमाळीत ती दौलत गमावून बसला. इथपर्यंत सारे त्या काळाला साजेसेच होते. पण टिपेच्या शेवटी एक वाक्य होते: उतारवयात हा माणूस सीरियात एका इंग्रज बाईच्या आश्रयाला राहिला.

शिंद्यांचा सरदार, सीरिया आणि इंग्रज बाई! ही तीन टोके एका दोऱ्यात कशी आली ते कळेना. चार दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी नातीला साकडे घातले. तिने संगणकावर डॉक्टर मेरियनचे ग्रंथ उघडून दिले. 1845 चे तीन आणि 1846 चे तीन, असे सहा खंड. लुस्तोनो त्यात भेटला, पण तो कोपऱ्यात. मधली सारी जागा त्या बाईने व्यापलेली होती. तिचे नाव लेडी हेस्टर स्टॅनहोप.

हेस्टरचा जन्म 12 मार्च 1776 चा, इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या चेव्हनिंगच्या वाड्यात. बाप तिसरा अर्ल स्टॅनहोप. आई ही थोरल्या विल्यम पिटची मुलगी आणि धाकट्या विल्यम पिटची बहीण. धाकटा पिट म्हणजे तोच, ज्याच्या नावाचा 1784 चा इंडिया ॲक्ट आपण सर्वांनी शाळेत पाठ केला. पण या घराण्याचा आपल्या मुलखाशी त्याहूनही जुना संबंध आहे. हेस्टरच्या आईचा पणजोबा थॉमस पिट हा मद्रासचा गव्हर्नर होता. गोवळकोंड्याच्या मुलखातल्या कोल्लूरच्या खाणीतून निघालेला एक प्रचंड हिरा त्याने विकत घेतला आणि 1717 मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला 1,35,000 पौंडांना विकला. लोक त्याला ‘डायमंड पिट’ म्हणत. पिट घराण्याच्या जमिनी, पार्लमेंटातल्या जागा आणि पुढची दोन पंतप्रधानपदे यांच्या पायात तो हिरा पुरलेला आहे. हैदराबादच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

आई वारली तेव्हा हेस्टर चार वर्षांची होती. बाप मोठा विलक्षण माणूस. छापखान्याचे पहिले लोखंडी यंत्र त्याने काढले, फ्रेंच राज्यक्रांतीचा तो इतका अभिमानी की स्वतःला ‘नागरिक स्टॅनहोप’ म्हणवून घेई, आणि घरात मात्र पुरता हुकूमशहा. समतेच्या नादात त्याने आपल्याला टर्की कोंबड्या राखायला बसवले होते, असे हेस्टर म्हातारपणी सांगे. खरे-खोटे तिचे तिला ठाऊक. 1800 मध्ये ती ते घर सोडून आजीकडे गेली आणि 1803 मध्ये आजी वारल्यावर पिटमामाकडे. पिट अविवाहित. त्याच्या घरची सारी व्यवस्था, मेजवान्या, पाहुण्यांची सरबराई तिच्याकडे आली. यशवंतराव होळकर इंग्रजांना दिल्लीपासून भरतपुरापर्यंत दमवीत होता, त्या दिवसांत लंडनमध्ये पिट पंतप्रधान होता आणि त्याच्या मेजाच्या यजमानपणाला ही भाची बसत होती. उंच, गोरीपान, तोंडाची भारी फटकळ. मंत्र्यांच्या नकला त्यांच्यासमोर करायची. पिटला त्याची गंमत वाटे, इतरांना वाटत नसे.

23 जानेवारी 1806 ला पिट गेला आणि एका दिवसात तिचे घर, तिचा अधिकार, तिचा दरारा सारेच गेले. सरकारने तिला सालिना 1,200 पौंडांची पेन्शन बांधून दिली. तीन वर्षांनी, जानेवारी 1809 मध्ये, स्पेनमधल्या कोरुन्याच्या लढाईत तिचा सावत्र भाऊ चार्ल्स आणि तिचा जवळचा स्नेही सेनापती सर जॉन मूर हे दोघेही एकाच दिवशी पडले. मूरने मरताना स्टॅनहोपला सांगितले की तुझ्या बहिणीला माझी आठवण सांग.

फेब्रुवारी 1810 मध्ये तिने इंग्लंडचा किनारा सोडला. वय तेहतीस, लग्न नाही. बरोबर धाकटा भाऊ जेम्स, एक दासी आणि नुकताच वैद्यकी शिकलेला चार्ल्स मेरियन. ती पुन्हा मायदेशी परतली नाही.

प्रवासात तिला मायकेल ब्रूस नावाचा तरुण भेटला. तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. या ब्रूसच्या बापाने पैसा कमावला तो मुंबईत, पेढीच्या धंद्यात! (पाहा, पुन्हा आपलाच मुलूख.) दोघे उघडपणे एकत्र राहू लागले आणि तिने हे ब्रूसच्या बापाला स्वतःच पत्राने कळवले. लग्न करण्याचा आपला विचार नाही, वेळ आली की त्याला मोकळे करीन, असेही त्यात होते. पत्र वाचून त्या पेढीवाल्याचे काय झाले असेल, याची कल्पना आपल्याकडच्या कोणत्याही बापाला करता येईल.

तिच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते एका गलबतामुळे. 1811 च्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलहून इजिप्तला जाताना ऱ्होड्स बेटाजवळ तिचे गलबत फुटले. अन्नपाण्यावाचून सारे एका खडकावर अडकले. जीव वाचले, सामान मात्र बुडाले. कपडे, दागिने, मेरियनची औषधांची पेटी, काही उरले नाही. बेटावर इंग्रजी बायकी कपडे मिळेनात आणि तिथल्या बायकांसारखा बुरखा घ्यायची तिची तयारी नव्हती. तेव्हा तिने तुर्की पुरुषाचा वेष घेतला. सैल विजार, अंगरखा, कमरपट्टा, डोक्याला मुंडासे. अडचणीत सापडलेला हा पोशाख तिने पुढे जन्मभर अंगावरून उतरवला नाही.

इथे थोडे थांबावेसे वाटते. त्या काळी इंग्रज बाईने घोड्यावर बसायचे ते दोन्ही पाय एका बाजूला सोडून. हेस्टर आता पुरुषासारखी मांड ठोकून बसू लागली आणि युरोपियनांना ते भयंकर वाटले. पण 1835 मध्ये फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई फतेहगडला आपल्या बायजाबाई शिंद्यांच्या मुक्कामी गेली होती. तिने लिहून ठेवले आहे की तिची ती एकांगी बैठक पाहून बायजाबाईंच्या परिवारातल्या बायकांना हसू आवरेना. मग तिला मराठी वेष चढवून मराठी पद्धतीने घोड्यावर बसवले, तेव्हा तिलाच ते अधिक सोयीचे वाटले. हेस्टरने सीरियात जे केले म्हणून लंडन हादरले, ते ग्वाल्हेरच्या बायका पिढ्यान्पिढ्या करीत होत्या. आजोबांनी ही गोष्ट कधी सांगितली नाही. त्यांना पलटणींपलीकडे रस नव्हता.

कैरोत महंमद अली पाशाने तिला भेट दिली. दमास्कसला जाताना सर्वांनी बजावले की ते शहर कर्मठ आहे, बुरख्यावाचून आणि तेही पुरुषी वेषात बाई दिसली तर लोक अंगावर येतील. 1 सप्टेंबर 1812 ला ती भर दिवसा, उघड्या तोंडाने, घोड्यावर बसून वेशीतून आत गेली. कोणी दगड मारला नाही. तिला ख्रिश्चनांच्या वस्तीत उतरायला जागा दिली होती, ती नाकारून तिने मुसलमानांच्या मोहल्ल्यात घर मागितले आणि मिळवले. याला धाडस म्हणावे की उद्दामपणा? दोन्ही असेल. मला एक गोष्ट दिसते. इंग्लंडमध्ये ती बिनलग्नाची, मामा गेलेली, पेन्शनवर जगणारी बाई होती. इथे ती कोण हेच लोकांना ठरवता येईना. बाई म्हणावे तर पाशांच्या शेजारी गादीवर बसून हुक्का ओढते, पुरुष म्हणावे तर जनानखान्यातही तिला मज्जाव नाही. त्या न ठरण्यातच तिला जागा सापडली. आपण सीमेवरची माणसे. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, आणि दोन्हीकडचे लोक आपल्याला पलीकडचे समजतात. या अधांतरी जागेतले दुःख आपल्याला पाठ आहे. त्यात थोडी मोकळीकही असते, हे आपण सहसा कबूल करत नाही.

मार्च 1813 मध्ये ती वाळवंट ओलांडून पाल्मिराला गेली. तिसऱ्या शतकात रोमशी झुंजलेल्या झेनोबिया राणीची ही राजधानी, आता नुसते खांब उभे. वाट बेदुइन टोळ्यांची. तुर्की पाशाने सोबत सैन्य देऊ केले होते, पण तिने ते न घेता थेट अनेझा टोळीच्या महन्ना शेखाशी बोलणी केली आणि त्याच्या संरक्षणात निघाली. पाल्मिराच्या त्या खांबांच्या रस्त्यावर, पुतळे होते त्या जागी गावच्या मुली हातात हार घेऊन उभ्या केल्या होत्या. ती कमानीखालून जाताना एकीने तिच्या डोक्यावर हार धरला. तिने हा आपला राज्याभिषेक मानला. खर्च किती झाला हे मेरियनला ठाऊक होते. पण म्हणून तो क्षण खोटा होता असे मला म्हणवत नाही. अर्वाचीन काळात तिच्याआधी तिथे युरोपची बाई पोचल्याची नोंद नाही.

त्याच वर्षी ब्रूस इंग्लंडला निघून गेला. तिने त्याच्या बापाला दिलेला शब्द पाळला. मागून तिला प्लेगने गाठले, त्यातून ती मरता मरता वाचली. 1814 मध्ये तिने सैदा बंदराजवळ मार इल्यास नावाच्या रिकाम्या मठात बिऱ्हाड केले.

1815 ची अश्कलॉनची गोष्ट माझ्या लेखी तिच्या सगळ्या आयुष्याची किल्ली आहे. एका जुन्या इटालियन हस्तलिखितात लिहिले होते की अश्कलॉनच्या पडक्या मशिदीखाली तीस लाख सोन्याची नाणी पुरली आहेत. तिने सुलतानाची परवानगी मिळवली, तुर्की अधिकारी बरोबर घेतले, मजूर लावले. सापडले काय, तर संगमरवराचा एक पुतळा. मुंडके नसलेला, चिलखतातला योद्धा, सुमारे सात फुटी. मेरियन आनंदाने वेडा झाला, बसून त्याने चित्र काढले. आणि तिने हुकूम दिला की या पुतळ्याचे तुकडे तुकडे करा! त्याच काळात लॉर्ड एल्गिनने अथेन्सच्या देवळातली शिल्पे उचकटून लंडनला नेली होती. हेस्टरचे म्हणणे असे की मी सुलतानाचा खजिना शोधायच्या नावाखाली माझ्या देशासाठी पुतळे न्यायला आले, असे कोणी म्हणता कामा नये.

मास्तर म्हणून मला हे वाचताना वेदना झाल्या. पॅलेस्टाईनमधले पहिले पद्धतशीर उत्खनन म्हणून अभ्यासक आज तिचे नाव घेतात. कोणता थर वर, कोणता खाली याच्या नोंदीही तेव्हा झाल्या. आणि त्याच उत्खननातली सर्वोत्तम वस्तू तिनेच फोडली. पण तिचा हेतू पाहा. ज्यांच्या देशात राहायचे त्यांना आपण चोर वाटू नये, यासाठी ती धडपडत होती. एल्गिनला असली भीती शिवली नाही, कारण त्याला परत जायचे होते.

तिच्या नावावर दुसरेही एक प्रकरण आहे. तिचे चाहते ते घाईघाईने उरकतात. बूतँ नावाचा एक फ्रेंच अधिकारी, तिचा स्नेही, अन्सारी डोंगरांत मारला गेला. तिने आक्राच्या सुलेमान पाशाच्या मागे धोशा लावला, तेव्हा त्याने फौज पाठवली. डोंगरातली गावे जाळली गेली. मारेकरी कोण होते याची त्या गावांतल्या पोराबाळांना कल्पनाही नसेल. तिला याचा पश्चात्ताप झाल्याचे दिसत नाही, उलट अभिमानच होता. अमीर-उमरावांच्या घरची माणसे दयाळूही असतात आणि सूड घेताना दुसऱ्याची गावे मोजत नाहीत.

आता लुस्तोनोकडे येतो. चांदीच्या हाताचा हा म्हातारा नशिबाचे तडाखे खात सीरियाच्या किनाऱ्याला लागला होता. डोके थोडे फिरले होते, बगलेत बायबल, तोंडात सतत भविष्ये. लोक त्याची चेष्टा करीत. हेस्टरने त्याला ठेवून घेतले. तू पूर्वेची राणी होशील, नव्या मसीहाच्या बरोबरीने जेरुसलेमात शिरशील, असे तो तिला बायबलचे दाखले काढून सांगे. इंग्लंडमध्ये रिचर्ड ब्रदर्स नावाच्या एका वेडसर भविष्यवाद्यानेही तिला हेच सांगितले होते. दोन्हींचा मेळ बसला आणि तिने ते मनावर घेतले. पुढे तिच्या तबेल्यात दोन घोड्या कायम राखीव होत्या, लैला आणि लुलू. एकीची पाठ जन्मतः खोगिरासारखी खोलगट. तिच्यावर मसीहा बसणार होता, दुसरीवर बाईसाहेब. म्हाताऱ्याचा मुलगा कॅप्टन लुस्तोनो, नेपोलियनच्या सैन्यातला, बापाला शोधत आला आणि तिथेच तिच्या आश्रयाला राहिला. तो 1820 च्या सुमारास अकाली वारला. तिने त्याला आपल्या बागेत पुरले.

ही बाग होती जौन गावच्या टेकडीवर. मठ सोडून ती तिथे राहायला गेली. छत्तीस-एक खोल्या, भोवती तटासारखी भिंत, आत अंगणे, भुयारी वाटा, गुलाबाचे ताटवे. लोक त्या जागेला ‘दार-एस्-सित्त’ म्हणत. आपल्या भाषेत बाईसाहेबांचा वाडा. लेबनॉनचा अमीर बशीर तिला पाण्यात पाही, तरी तिने त्याला भीक घातली नाही. इजिप्तच्या इब्राहिम पाशाने 1832 मध्ये आक्रा घेतले, तेव्हा पळून आलेली शेकडो माणसे तिच्या वाड्यात आसऱ्याला राहिली. जखमी, विधवा, अनाथ पोरे. इब्राहिम पाशाने माणसे परत मागितली, तिने दिली नाहीत. त्या माणसांना जेवायला, ल्यायला घालायला ती सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे काढत होती.

युरोपचे प्रवासी मात्र येत ते नवलाई पाहायला. फ्रेंच कवी लामार्तिन 1832 मध्ये आला. त्याच्या पायाच्या कमानीवरून तिने सांगितले की तुझ्यात अरबी रक्त आहे. 1835 मध्ये किंगलेक आला, त्याची आई तिच्या ओळखीची. त्याच्यापुढे तिने लामार्तिनची हुबेहूब नक्कल केली. पिटच्या मेजावरची ती खोड साठीच्या घरात आली तरी गेली नव्हती! दोघांनीही पुस्तके लिहिली आणि ती खपलीही. सावकाराचे देणे तसेच राहिले.

जानेवारी 1838 मध्ये परराष्ट्रमंत्री पामरस्टनच्या कचेरीतून कळवण्यात आले की सावकाराचे कर्ज फेडल्याशिवाय पेन्शन मिळणार नाही. ती अडवायची युक्ती काय, तर वकिलातीने तिच्या हयातीच्या दाखल्यावर सही करायची नाही. दर नोव्हेंबरला बँकेच्या रांगेत उभे राहून ‘मी जिवंत आहे’ असे लिहून देणाऱ्या आम्हा पेन्शनरांना याची नामुष्की वेगळी समजावून सांगायला नको. हाडामांसाची बाई टेकडीवर बसली आहे आणि सरकारच्या लेखी ती जिवंत नाही. तिने थेट व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिले. राणी तेव्हा अठरा वर्षांची. पत्रात विनंतीचा शब्द नव्हता. कुठल्याही मार्गाने दडपून ही पेन्शन काढून घेतली जावी त्याआधी मीच ती सोडते, अशी भाषा. ऑगस्टमध्ये तिने मेरियनला निरोप दिला आणि वाड्याचा दरवाजा दगडांनी चिणून घेतला.

मेरियनविषयी दोन शब्द. तिने त्याला माणूस म्हणून कधी बरोबरीने वागवले नाही. पंक्तीला घेतले नाही, त्याच्या बायकोचा पाणउतारा केला, तासन्तास त्याला समोर उभे करून बोलत राही. तो तीनदा सोडून गेला आणि तीनदा परत आला. रात्री खोलीवर जाऊन तो तिचे बोलणे लिहून ठेवी. ती आज आपल्याला ठाऊक आहे ती या पडखाऊ माणसाच्या वहीमुळे. नातीने एकदा विचारले, “आजोबा, ती वेडी होती का हो?” मी म्हटले, “होती की. पण मेरियनची वही वाचल्यावर तिला हसणाऱ्यांत आपण बसू नये असे वाटते.” ती म्हणाली, “आणि ती गावे जाळली त्याचे काय?” मला उत्तर देता आले नाही. पोरगी माझ्याहून बरी परीक्षक आहे.

23 जून 1839 ला हेस्टर वारली. जवळ एकही युरोपियन नव्हता. बातमी कळताच बैरूतहून इंग्रज वकील मूर आणि थॉमसन नावाचा अमेरिकन पाद्री घोडे दामटत आले. तोवर चाकरांनी वाडा धुऊन नेला होता. प्रेत त्या उन्हाळ्यात राखणे शक्य नव्हते. मध्यरात्री मशालींच्या उजेडात बागेतले एकच बांधलेले थडगे उघडले, ते कॅप्टन लुस्तोनोचे. त्याची हाडे बाहेर काढून बाजूला रचली होती आणि कोणीतरी त्याच्या कवटीच्या डोळ्यांत मेणबत्त्या लावून ठेवल्या होत्या. पाद्र्याने ते पुढे आपल्या पुस्तकात लिहिले. इंग्रजी निशाणात गुंडाळून तिला त्याच थडग्यात ठेवले.

लेबनॉनच्या यादवी युद्धात त्या थडग्याचीही नासधूस झाली. 1989 मध्ये तिचे अवशेष आबेइ गावी ब्रिटिश राजदूताच्या उन्हाळी बंगल्याच्या आवारात नेऊन पुरले. म्हणजे ज्या वकिलातीने सही नाकारली, तिच्याच दारात. 23 जून 2004 ला तिथून तिची रक्षा जौनला आणली आणि पडलेल्या वाड्याच्या दगडांवर, जिथे गुलाबाचे ताटवे होते त्या टेकडीवर, वाऱ्यावर सोडून दिली.